जुन्या भयपटांची अस्सल पोस्टर्स जमवायची आहेत? मग आधी कागद वाचायला शिका

पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन पोस्टरच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक सूचना छापलेली असते. हा कागद नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या थिएटरांना पोस्टर्स पुरवणाऱ्या कंपनीच्या मालकीचा आहे, चित्रपट तुमच्या थिएटरात चालू असेल तेवढ्यापुरताच लावायचा, खेळ संपले की लगेच परत करायचा. म्हणजे आज बाजारात दिसणारी त्या काळातली बरीच पोस्टर्स कुणीतरी परत न केलेली आहेत. कुणी घरी नेली, कुणी तळघरात टाकून विसरून गेलं. बाकीचे फाटले, भिजले, रद्दीत गेले. जपून ठेवण्यासाठी हे कागद कधी छापलेच नव्हते, आणि त्यांच्यावर जीव जडण्याचं माझ्यापुरतं कारण तेच आहे.

मूकपटांतला अभिनेता लॉन चेनी याचा १९२७ चा 'लंडन आफ्टर मिडनाइट' आज कुठेच पाहायला मिळत नाही. त्याची शेवटची माहीत असलेली प्रिंट १९६५ मध्ये एमजीएम स्टुडिओच्या गोदामाला लागलेल्या आगीत गेली. पण त्याचं पोस्टर उरलं, आणि २०१४ मध्ये लिलावात ते ४,७८,००० डॉलरला गेलं. चित्रपट नाही, कागद आहे!

असे आकडे ऐकून घाबरू नका. एवढ्या किमतीची पोस्टर्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. अस्सल आणि आवाक्यातला कागदही भरपूर मिळतो, तो ओळखता मात्र आला पाहिजे. मी सुरुवात केली तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून ज्या क्रमाने मला शिकायला हवं होतं त्या क्रमाने पुढे लिहिते.

१. एक शाखा निवडा, आणि वर्षभर तिच्यातच राहा

'भयपट' हा शब्द फार मोठा आहे. ढोबळ वाटण्या अशा:

- युनिव्हर्सल स्टुडिओचे जुने राक्षस: १९३१ चे 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन', तिथून पुढे चाळीसच्या दशकाच्या मध्यापर्यंत.
- पन्नासच्या दशकातले महाकाय कोळी, परग्रहावरचे जीव, पाण्यातून वर येणारे प्राणी.
- ब्रिटिश हॅमर कंपनीचे रंगीत भयपट, १९५७ पासून पुढचे.
- सत्तरच्या दशकात मध्यरात्रीच्या खेळांवर वाढलेले कल्ट चित्रपट.

यांच्या जोडीला मॉन्स्टर मासिकं, जोडून रंगवायची प्लास्टिक मॉडेल्स, रबरी मुखवटे आणि ब्रिटनमध्ये व्हिडिओंना प्रमाणपत्र सक्तीचं करणारा १९८४ चा कायदा येण्याआधीच्या व्हिडिओ कॅसेट्स हे वेगळेच छंद आहेत. त्या प्रत्येकाची परीक्षा वेगळी, म्हणून या लेखात मी फक्त छापील कागदाबद्दल बोलतेय.

एक शाखा धरा म्हणण्यामागे कारण आहे. एकाच काळातले पन्नास-साठ नमुने पाहिले की त्या काळचा कागद, शाई, अक्षरांची वळणं डोळ्यात बसतात, मग एखादी खोटी गोष्ट आपोआप खटकते. आज हॅमर, उद्या युनिव्हर्सल असं करत राहिलात तर कशाचीच नजर तयार होत नाही. नवख्यांना मी पन्नासचं दशक सुचवते. कागद बऱ्यापैकी शिल्लक आहे, चित्रं भन्नाट आहेत, आणि त्यावरचे आकडे वाचायला सोपे आहेत. रेनॉल्ड ब्राउन या चित्रकाराने केलेली त्या काळातली पोस्टर्स एकदा नीट पाहा. मूळ चित्रपटात नाही एवढी भीती त्या एका चौकटीत असते.

२. आकार तोंडपाठ करा

हे कंटाळवाणं वाटेल, पण निम्म्या फसवणुकी टेपने मोजल्या की तिथेच उघड्या पडतात. अमेरिकन कागदाची मापं इंचांत अशी:

- वन-शीट, म्हणजे थिएटरचं नेहमीचं उभं पोस्टर: २७ × ४१. ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर २७ × ४०.
- हाफ-शीट: २२ × २८, आडवं, जाड कागद.
- इन्सर्ट: १४ × ३६, उभं आणि अरुंद.
- विंडो कार्ड: १४ × २२, पुठ्ठा. वरची पट्टी थिएटरचं नाव आणि तारखा छापण्यासाठी कोरी सोडलेली.
- लॉबी कार्ड, म्हणजे थिएटरच्या आत लॉबीत लावायचं कार्ड: ११ × १४, साधारणपणे आठांचा संच.
- थ्री-शीट: ४१ × ८१. सिक्स-शीट: ८१ × ८१. दोन्ही तुकड्यांत छापून भिंतीवर जोडायचे.

ब्रिटिश क्वाड ३० × ४० आणि आडवं असतं. हॅमरचा नाद लागला तर रोज याच मापाशी गाठ पडेल.

१९५० च्या दशकातल्या चित्रपटाचं 'ओरिजिनल' पोस्टर २४ × ३६ इंचांचं असेल तर पुढे बोलूच नका. ते माप आजच्या दुकानी पोस्टरचं आहे. २७ × ४० असेल तरी थांबा. एक तर नक्कल आहे, नाहीतर कडा कापलेल्या आहेत. विंडो कार्डाची वरची कोरी पट्टी अनेकदा कापून टाकलेली असते. तसं असेल तर किंमतही त्या प्रमाणात उतरायला हवी.

३. पहिला छाप की री-रिलीज, हे आधी ठरवा

नवखे सर्वात जास्त इथे गोंधळतात. जुने भयपट पुन्हा पुन्हा थिएटरात आले आणि दर वेळी नवीन पोस्टर छापलं गेलं. १९३८ मध्ये 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' जोडीने पुन्हा लागले आणि तुफान चालले. १९४७ नंतर रिअलार्ट नावाच्या कंपनीने युनिव्हर्सलचे जुने चित्रपट घेऊन पुन्हा वितरित केले. त्यामुळे 'ड्रॅक्युलाचं अस्सल जुनं पोस्टर' हे वाक्य खरं असूनही दिशाभूल करू शकतं. कागद अस्सल, जुनासुद्धा, पण १९३१ चा नाही.

यावर उपाय आहे. साधारण १९४० पासून ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत नॅशनल स्क्रीन सर्व्हिस बहुतेक अमेरिकन पोस्टर्सवर खाली उजव्या कोपऱ्याजवळ एक क्रमांक छापत असे. त्यातला पहिला भाग म्हणजे वर्ष. ५४ आणि मग तिरकी रेघ दिसली तर तो १९५४ चा कागद. आकड्याच्या आधी इंग्रजी 'आर' असेल तर ती री-रिलीज.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. १९३१ च्या पोस्टरवर असा क्रमांक असूच शकत नाही, कारण तेव्हा ही पद्धतच नव्हती. तो असेल तर कागद नंतरचा आहे.

री-रिलीजला कमी लेखू नका. रिअलार्टची काही कार्डं दिसायला इतकी देखणी आहेत की माझ्या भिंतीवर पहिला मान त्यांचाच आहे. पहिल्या छापाच्या मानाने ती पुष्कळ स्वस्तही पडतात. फक्त री-रिलीजला पहिल्या छापाची किंमत देऊ नका.

४. पहिली खरेदी लॉबी कार्डाची करा

वन-शीटवर मन जातं, मला मान्य आहे. तरी सुरुवात लॉबी कार्डानेच करा. ते लहान असतं, जाड असतं, घडी नसते, पाठवायला सोपं आणि ठेवायलाही सोपं. चूक झाली तरी लहान होते.

आठांच्या संचात बहुतेकदा एक टायटल कार्ड असतं, त्यावर पोस्टरसारखं चित्र आणि मोठं नाव. उरलेल्या कार्डांवर चित्रपटातले प्रसंग. किंमत ठरते ती कार्डावर कोण आहे यावरून. राक्षस समोर उभा असेल तर महाग. दोन दुय्यम पात्रं टेबलाशी बोलत बसली असतील तर संग्राहक त्याला डेड कार्ड म्हणतात, आणि ते त्याच संचातल्या राक्षसाच्या कार्डापेक्षा कितीतरी कमी किमतीला मिळतं. कागद तोच, छापखाना तोच, साल तेच. नजर तयार करायला डेड कार्डासारखा गुरू नाही.

५. अस्सल आणि नक्कल: भिंग घेऊन बसा

माझी पहिली मोठी खरेदी १९५४ च्या 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'चं वन-शीट होतं. फोटोत सगळं बरोबर दिसत होतं. घड्या होत्या, कोपऱ्यांवर पिवळेपणा होता, खाली क्रमांकही होता. घरी आल्यावर मी घडीच्या रेषेवरून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही. घडी होती, पण छापलेली होती! कुणीतरी अस्सल पोस्टर स्कॅन करून घड्या, डाग, क्रमांक सगळं जसंच्या तसं नव्या कागदावर उतरवलं होतं. पैसे परत मिळाले नाहीत. तो कागद मी अजून ठेवलाय, नव्या लोकांना शेजारी अस्सल ठेवून फरक दाखवायला.

तेव्हापासून मी हाच क्रम पाळते:

पहिली तपासणी घडीची. ऐंशीच्या दशकापर्यंत वन-शीट बहुतेक घडी घालूनच थिएटरला जायची: तीन आडव्या घड्या, एक उभी, मिळून आठ चौकोन. खऱ्या घडीवर शाईला तडे जातात आणि आतला पांढरा कागद बारीक रेषेसारखा दिसतो. आडवी-उभी घडी जिथे मिळते तिथे कागद विरलेला असतो, कधी टाचणीच्या डोक्याएवढं भोक असतं. दिव्यासमोर धरा, ते भोक लगेच दिसेल. पाठीमागूनही घडी तितकीच स्पष्ट दिसली पाहिजे.

मग तळाची बारीक अक्षरं पाहा. १० पटींचं भिंग लावा. पन्नासच्या दशकातल्या अस्सल ऑफसेट छपाईत चित्रात रंगीत ठिपके दिसतील, ते ठीकच आहे. पण काळी बारीक अक्षरं सलग, भरीव शाईची असतात, कडा रेखीव. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरंसुद्धा ठिपक्यांची बनलेली असतात आणि कडा पुसट, विस्कटलेल्या दिसतात. सगळ्या खुणांत मी हिच्यावर सर्वाधिक विश्वास ठेवते. तीसच्या दशकातली बरीच वन-शीट दगडावरच्या लिथोग्राफीने छापलेली असत. तिथे चित्रातही एकसारखे ठिपके नसतात, खडूने रंगवल्यासारखे अनियमित कण दिसतात. १९३१ च्या म्हणवल्या जाणाऱ्या पोस्टरवर शिस्तीत मांडलेले ठिपके दिसले तर पोस्टर खाली ठेवा.

त्यानंतर अतिनील टॉर्च. अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारा. आधुनिक कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात, त्यामुळे तो निळसर पांढरा चमकतो. तीसच्या दशकातला कागद मंद राहतो. या टॉर्चखाली नंतर केलेली रंगाची डागडुजीही वेगळी उठून दिसते.

शेवटी नाक. जुन्या कागदाला जुन्या वहीसारखा वास असतो. हा पुरावा नव्हे, पण ताज्या शाईचा वास आला तर हा इशारा नक्कीच आहे.

एक गोष्ट ठासून सांगते. कागद चमकला नाही म्हणजे पोस्टर अस्सल असं सिद्ध होत नाही. युनिव्हर्सलच्या भयपटांच्या महागड्या नकला खऱ्या जुन्या कागदावर छापून, वर कापडावर चिकटवून विकल्याची प्रकरणं अमेरिकेत घडलेली आहेत, आणि अनुभवी संग्राहकही त्यात फसले. एका खुणेवर कधीच निर्णय घेऊ नका.

आणखी एक सापळा: १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं नाव ऐन वेळी बदललं तेव्हा पडद्यावरची कॉपीराइटची ओळ राहून गेली, आणि अमेरिकेत चित्रपट कॉपीराइटमुक्त झाला. तो कुणीही दाखवू शकतो, कुणीही विकू शकतो, त्यामुळे त्याच्या नावाचा नवा कागद सगळीकडे पसरलेला आहे. सुरुवातीलाच या चित्रपटाचा कागद विकत घेऊ नका.

६. अवस्था तपासा, पण परिपूर्णतेच्या मागे लागू नका

विक्रेते अवस्था १ ते १० च्या मोजपट्टीवर सांगतात, आकड्याआधी इंग्रजी 'सी' लावून. सी-१० म्हणजे कधी वापरलंच नाही असं, सी-५ च्या आसपास म्हणजे वापराच्या खुणा ठळक. आकड्यापेक्षा दोष शब्दांत लिहून मागा, कारण एकाचा आठ दुसऱ्याचा सहा असतो.

कोपऱ्यांवरची टाचण्यांची भोकं, घडीचा विरलेपणा, कडेला बारीक चीर, मागे थिएटरवाल्याने पेन्सिलीने लिहिलेलं चित्रपटाचं नाव हे सगळं मला चालतं. तो त्या कागदाचा खरा इतिहास आहे. पिवळी पडलेली चिकटपट्टी, पाण्याचा डाग, बुरशी, कसर लागलेली कड, कापलेल्या कडा आणि लॅमिनेशन मात्र मी घेत नाही. चिकटपट्टीचा गोंद वर्षानुवर्षं कागदात मुरत जातो. लॅमिनेशन तर कायमचंच.

कापडावर चढवलेलं पोस्टर वाईट नसतं. चांगला कारागीर पोस्टर आणि कापड यांच्यामध्ये आम्लरहित कागदाचा थर देतो आणि गव्हाच्या पिठाची खळ वापरतो, म्हणजे पुढे ते पाण्याने सोडवता येतं. अडचण एवढीच, की पाठ झाकली जाते. म्हणून कापडावर चढवण्याआधीचे फोटो मागा, आणि किती भाग नव्याने रंगवला आहे ते विचारा. फोटो नाहीत असं उत्तर आलं तर मी सहसा सोडून देते.

७. विक्रेत्याला काय विचारायचं, बोली कशी लावायची

पैसे पाठवण्याआधी हे लेखी विचारा:

- हा पहिला छाप आहे की री-रिलीज? कोणत्या वर्षाचा?
- नेमकी लांबी-रुंदी किती? कुठे कापलंय का?
- पाठीचा पूर्ण फोटो, तळाच्या क्रमांकाचा जवळून फोटो आणि तिरक्या उजेडातला एक फोटो मिळेल का?
- डागडुजी, रंगकाम, शुद्धीकरण काय काय झालंय?
- नक्कल निघाली तर पैसे परत कराल का, आणि किती मुदतीत?

तिरक्या उजेडातला फोटो आवर्जून मागा. समोरून घेतलेल्या फोटोत सुरकुत्या आणि भरलेली भोकं लपतात, बाजूने उजेड पडला की दिसतात. चांगला विक्रेता या प्रश्नांनी वैतागत नाही. जो वैतागतो त्याच्याकडून न घेतल्याचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही.

लिलावात बोलीची रक्कम हा शेवटचा आकडा नसतो. लिलावगृह खरेदीदाराकडून वर टक्केवारी घेतं, अनेक ठिकाणी ती २० टक्के किंवा त्याहून जास्त असते. मग पाठवणी, विमा, कागद परदेशातून येत असेल तर सीमाशुल्क. हे सगळं आधी मिळवा, तुमच्या कमाल रकमेतून वजा करा, आणि उरलेला आकडा वहीत लिहून ठेवा. बोली त्याच्या पुढे गेली की हात खाली. त्याच लिलावगृहाच्या जुन्या लिलावांतले भावही आधी पाहून घ्या. एकच कागद दहा वर्षांत तीन-चारदा विकला गेलेला दिसतो, आणि त्याचा खरा भाव तिथे कळतो.

८. ही साधनं आणि कागदपत्रं हाताशी ठेवा

साधनं: इंच दाखवणारी टेप, १० पटींचं भिंग, अतिनील टॉर्च, मऊ पेन्सिल, आम्लरहित पुठ्ठे, पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं. दुकानातली साधी पीव्हीसीची पाकिटं घेऊ नका, त्यांतून निघणारी रसायनं कागद आणि शाई दोन्ही खराब करतात.

कागदपत्रं: वर्ष आणि छाप यांचा स्पष्ट उल्लेख असलेली पावती, लिलावातला लॉट क्रमांक, विक्रेत्याने लिहिलेलं अवस्थेचं वर्णन, सगळे फोटो, पैसे दिल्याचा पुरावा, डागडुजी झाली असेल तर तिचा तपशील. विमा उतरवताना, परत करताना किंवा पुढे विकताना यातलं प्रत्येक चिठोरं लागतं. पावतीवर नुसतं 'जुनं पोस्टर' लिहिलं असेल तर बदलून घ्या.

९. पार्सल आल्यावर

पाठवणी ठरवतानाच सांगा: घडीचं पोस्टर घडीतच, दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये सपाट यावं. घडीचं पोस्टर गुंडाळून नळीत घातलं तर घड्यांवर ताण येतो. गुंडाळलेलं असेल तर रुंद आणि जाड नळी हवी.

पार्सल उघडताना पहिल्यापासून व्हिडिओ घ्या. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. मोकळं, स्वच्छ टेबल लागेल, आजूबाजूला पाणी-चहा नको. कागद लगेच उलगडू नका, पाकीट उघडून दिवसभर खोलीच्या हवेत राहू द्या. थंड किंवा फार कोरड्या जागेतून आलेला कागद कडक असतो आणि घडीवर मोडतो. दुसऱ्या दिवशी तळहातांवर आधार देत एकेक घडी उघडा. कोपऱ्याला धरून उचलू नका.

मग पाचव्या पायरीतली सगळी तपासणी करा, परतीची मुदत संपायच्या आत. मापं, क्रमांक, दोष वहीत उतरवा. तपासणी झाली की पॉलिएस्टरच्या पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा. दमट भिंत, माळा आणि स्वयंपाकघराशेजारची खोली टाळा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणि फार वर-खाली न होणारी असावी.

भिंतीवर लावायचं असेल तर फ्रेममध्ये अतिनील किरण अडवणारं अॅक्रिलिक घ्या, आणि कागद त्याला टेकणार नाही अशी मध्ये फट ठेवायला सांगा. फ्रेमवाला पोस्टर पुठ्ठ्यावर गरम करून चिकटवू का विचारेल, त्याला स्पष्ट नाही म्हणा. खिडकीसमोरची भिंत नको. लाल आणि पिवळा आधी उडतात, आणि भयपटांच्या पोस्टरात नेमके तेच दोन रंग सगळं काम करत असतात. मी दर चार महिन्यांनी भिंतीवरचं पोस्टर उतरवून पाकिटात ठेवते आणि दुसरं लावते. उतरवताना पाठीवर तारीख टाकायचा मोह होतो. ती तारीख वहीत टाका, कागदावर नाही.